न उचलणारा फोन

"लोक तुला फोन करतात ते तू उचलावास म्हणून नाही, एवढं ध्यानात ठेव," खासनीस काकू म्हणाल्या. माझ्या हातातली फुलपुडी घेऊन त्यांनी ती नाकाशी नेली. "आणि शेवंती कालची दिसतेय."

"शेवंती आजचीच आहे, काकू. आणि उचलायचा नसेल तर लोक फोन करतात कशाला?"

"कळेल."

साताऱ्याच्या चिमणपुऱ्यात एका बोळाच्या टोकाला त्यांचं बैठं घर होतं. काकूंनी सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून केली. लग्न केलं नाही. घरात त्या, एक रेडिओ आणि एक तारेचा फोन. आवाज निवृत्तीनंतरही ड्युटीवरचाच राहिला होता, स्वच्छ आणि थोडा हुकमी. आमच्या धंद्यासाठी नवीन फोनची व्यवस्था करतोय, हे मी त्यांना कौतुकानं सांगायला गेले होते. फोनच्या खात्यातल्या बाई, खूश होतील असं वाटलं होतं. त्यांनी हे कोडं घातलं. वय झालं, असं मनाशी म्हणत मी विषय बदलला.

"तुमच्या मागच्या खिडकीची खिट्टी बसत नाहीये. नुसतं ढकललं तरी उघडेल."

"तुला बरं दिसलं."

"मुक्ता झाल्यापासून कुठल्याही घरात शिरले की माझी नजर आधी खिडक्या, प्लग आणि टेबलांचे कोपरे बघते."

"माझ्या खिडकीतून कोण पडणार आहे? आणि पडलंच तरी खाली अळू आहे." काकूंनी माझ्या कडेवरच्या मुक्ताच्या मुठीतून आपला चष्मा सोडवून घेतला. "जा आता. लेकीला भूक लागलीय, चष्मा खायला निघालीय."

मी आणि माझी थोरली जाऊ वैजूताई, आम्ही दोघींनी मिळून घरोघरी पूजेची फुलं पोचवणारी 'परडी' काढली होती. पहाटे कोरेगावच्या बाजूनं फुलांचा टेम्पो यायचा, आम्ही ओसरीवर बसून पुड्या बांधायचो. जास्वंद, शेवंती, एखादा गुलाब, तुळस, दूर्वा, सोमवारी बेल. मग वैजूताई स्कूटीवरून लांबच्या पेठा करायची आणि मी मुक्ताला कडेवर घेऊन जवळचे बोळ. दाराच्या कडीला पुडी अडकवायची आणि पुढे जायचं. घंटी वाजवायची नाही, कारण कुठे म्हातारं माणूस झोपलेलं असतं, कुठे तान्हं.

माझा नवरा रणजित तेव्हा चाकणला कारखान्यात होता आणि रविवारी घरी यायचा. आमच्यात ठरलं होतं की दिवाळीपर्यंत परडीचा जम बसला तर तो साताऱ्याच्या एमआयडीसीत नोकरी शोधेल. नाही बसला तर मी मुक्ताला घेऊन चाकणच्या त्याच्या एका खोलीत जायचं आणि परडी विसरायची. तो भांडून बोलला नव्हता. "मुलगी मला पाहुणा समजायला लागलीय," एवढंच म्हणाला होता. तिनं आदल्या रविवारी त्याला खरंच 'काका' म्हटलं होतं, त्यामुळे मला बोलायला जागा नव्हती.

म्हणून मला घाई होती. आणि घाईपेक्षा जास्त, धास्ती होती.

धास्तीचं मुख्य कारण म्हणजे वैजूताईचा मोबाइल. बटणं झिजलेला तो फोन पिठाच्या डब्यावर ठेवलेला असायचा. पुड्या बांधताना तो एकदा वाजायचा आणि बंद व्हायचा. वैजूताई मान वळवून नाव बघायची, हातातली एक पुडी बाजूला ठेवायची आणि म्हणायची, "कदमांकडं नको आज."

"का नको?"

"मला काय ठावं? नको म्हणजे नको."

गिऱ्हाइकांनी ही पद्धत आपापसांत पाडून घेतली होती, आम्ही कुणाला सांगितलीही नव्हती. फुलं नको असली की एक मिस कॉल. सोयर, सुतक, घरातल्या बाईची अडचण, महाबळेश्वरची सहल, सगळं त्या एका रिंगेत बसायचं. कुणी काही विचारायचं नाही, कुणी काही सांगायचं नाही. खासनीस काकू मात्र रोज वाजवायच्या, आकाशवाणीचं मंगलवाद्य संपलं की लगेच.

"काकूंकडेही नको?" पहिल्या आठवड्यात मी विचारलं होतं.

"तिला रोज हवीत. तिचं वाजणं मनावर घ्यायचं नाही. म्हातारीला फोन वाजवल्याबिगर चहा गोड लागत नसंल."

मी एम.कॉम. झालेली. मला हे सगळं बघवायचं नाही. उद्या फोन विहिरीत पडला तर? वैजूताई तापानं फणफणली तर? परडी म्हणजे एका बाईच्या डोक्यातली आठवण आणि तिच्या हातातलं एक झिजलेलं यंत्र. श्रावण तोंडावर आला होता. श्रावणात साताऱ्यात फुलं न लागणारं घर शोधून काढावं लागतं. त्या एका महिन्यात आम्ही उभ्या तरी राहणार होतो नाही तर झोपणार होतो. आणि मिस कॉलवर कॉलेजातली पोरं चालतात, धंदा चालत नाही, असं माझं मत होतं.

हर्षद नावाचा एक हसरा माणूस लॅपटॉप घेऊन आमच्या ओसरीवर येऊन बसला. छोट्या धंद्यांना इंटरनेट आणि फोनची सोय लावून देणं हे त्याचं काम होतं. त्यानं आधी ॲप दाखवलं.

"म्हणजे फुलं नकोत हे सांगायला माणसानं आधी ॲप उतरवायचं?" वैजूताईनं विचारलं.

"एकदाच, ताई."

"आणि नळेकरांच्या आजीकडं तर फोनच भिंतीतला हाय. तिनं कुठं उतरवायचं, भिंतीवर?"

हर्षदनं ॲप मिटवलं आणि वेबसाइट काढली. वेबसाइटवर झेंडूचा एवढा मोठा फोटो होता की वैजूताई म्हणाली, "हे दसऱ्याचं दिसतंय." शेवटी त्यानं तिसरी गोष्ट दाखवली, आणि माझे डोळे लकाकले. एक कायमचा नंबर. एका वेळी कितीही जणांनी फोन केला तरी एंगेज लागणार नाही. पहिल्याच रिंगेला यंत्र उचलणार, बोलणार, बटण दाबायला सांगणार, आणि कुणी काय दाबलं ते घरातल्या ब्रॉडबँडवरून आपोआप लॅपटॉपवर उमटणार.

"एकही कॉल मिस होणार नाही, मॅडम," हर्षद म्हणाला. "माझी गॅरंटी."

त्या वाक्यावर मी विकले गेले.

आवाज माझाच घेतला. मुक्ता झोपल्यावर दार लावून मी चारदा म्हटलं: नमस्कार, परडीमध्ये आपलं स्वागत आहे. फुलं वाढवण्यासाठी एक दाबा. फुलं बंद ठेवण्यासाठी दोन दाबा. मला सगळं नीट कळायला हवं होतं, म्हणून मी पुढे कारणंही घातली. गावाला जात असल्यास एक, सोयरसुतक असल्यास दोन, इतर कारणासाठी तीन.

वैजूताईनं ऐकलं. "म्हंजे मी महिन्यातनं चार दिवस तीन दाबायचं, आणि लॅपटॉपला कळणार वैजयंता साळुंखेला कावळा शिवला. चांगलं हाय. पेपरात पण द्या."

"ताई, ते फक्त आपल्याला दिसणार."

"आपल्याला दिसतं म्हणूनच सांगत न्हाईत की गं लोकं."

हेही मी ऐकून घेतलं नाही.

आषाढात यंत्र सुरू झालं आणि वैजूताईच्या नंबराऐवजी गिऱ्हाइकांना त्याचा नंबर दिला. पहिल्या दिवशी लॅपटॉपवर फोन आल्याच्या नोंदी भराभर उमटल्या, पण बटण दाबल्याची एकही नाही. एक आजोबा तर मीच बोलतेय असं समजून यंत्राशी दोन मिनिटं बोलत राहिले होते. हर्षदनं ध्वनिमुद्रण ऐकवलं. "शलाका, आधी ऐकून तर घे. अगं शलाका, तू बोलायची थांबशील का?" खासनीस काकू रस्त्यात भेटल्या तर एवढंच म्हणाल्या, "फार बोलतेस तू हल्ली. मी नाही वाजवत आता."

हळूहळू फोन यायचेच थांबले. लॅपटॉपचा पडदा स्वच्छ. मला वाटलं, लोक यंत्राला सरावतायत, तक्रार नाही म्हणजे सगळं ठीक. मुक्ता रडत नसली की मी घाबरून उठून तिचा श्वास बघते, आणि इथे इतकी घरं एकदम गप्प झाली तर माझ्या मनात काही आलं नाही.

वैजूताई एक दिवस स्कूटी लावून आली आणि ओसरीच्या पायरीवर बसली. "नलवड्यांकडं जाऊन ये," म्हणाली. "मी न्हाई जाणार. यंत्र तुझं हाय."

यादोगोपाळ पेठेत नलवड्यांच्या दारात मी पोचले आणि थबकले. कडीला पुड्या लटकत होत्या. एकीवर एक, एकीवर एक. खालची जास्वंद काळी पडून कागदाला चिकटलेली, वरची आजची. बाहेर चपला, आत पांढऱ्या साड्यांमधल्या बायका. म्हातारे नलवडे गेले होते आणि त्या घराच्या दारावर आम्ही घाईत, आधीच्या पुडीकडे न बघता, रोज नेमानं देवाची फुलं टांगत होतो.

त्यांची सून बाहेर आली. मी काही बोलायच्या आधीच ती हळू आवाजात म्हणाली, "मी फोन केला होता हो पहिल्या दिवशी. मामंजी खालीच ठेवलेले होते. तुमचा आवाज आला, तर एक दाबा, दोन दाबा सुरू झालं. मला त्या वेळी काय दाबायचं ते सुचेना. ठेवला."

मी कडीवरून पुड्या काढायला लागले. दोरे एकमेकांत अडकले होते.

"राहू द्या," ती म्हणाली. "पण श्रावणापासून आम्ही मंडईतूनच आणू फुलं."

त्या आठवड्यात आणखी घरं गेली. कुणी भांडलं नाही. साताऱ्याची माणसं भांडत नाहीत, फक्त दुसरीकडून आणायला लागतात. रविवारी रणजितनं रिकाम्या परड्या बघितल्या आणि चाकणच्या खोलीला खिडकी मोठी आहे, हवा चांगली येते, एवढं सहज म्हणाला. मी मुक्ताचे कपडे घड्या करत राहिले. त्यातल्या काही घड्या मी बॅगेत घालायच्या दृष्टीनंच करतेय हे मला नंतर कळलं.

सोमवारी मी खासनीस काकूंच्या दारात उभी राहिले. पुडी दिली आणि म्हणाले, "सांगा आता."

"काय?"

"उचलण्यासाठी नाही तर कशासाठी."

काकूंनी मला आत घेतलं. मुक्ताला बशीत लाह्या दिल्या आणि मला चहा.

"ट्रंक कॉल ऐकलायस कधी? नाही. आमच्या वेळी पीपी कॉल असायचा. अमुक माणूस फोनवर आला तरच बोलणं धरायचं. नाही आला, तर अगदी किरकोळ पैसे. मुंबईला पोचलेला मुलगा तिकडून कॉल लावायचा. पीपी कुणाच्या नावानं? गजाननरावांच्या. घरी गजानन नावाचं कुणी नसायचंच. आई म्हणायची, गजाननराव नाहीत. झालं. मुलगा पोचला हे आईला कळलं, आई बरी आहे हे मुलाला कळलं. मी मध्ये बसून दोन्हीकडचा आवाज ऐकायची. गजाननराव नाहीत हे बायका इतक्या आनंदानं सांगायच्या की एखाद्या नवीन ऑपरेटरला धक्का बसावा."

मी हसले. बऱ्याच दिवसांनी.

"या गावानं फोन आल्यापासून न बोलता बोलायची कला केलीय," काकू म्हणाल्या. "तू त्यांना बोलायला लावलंस. आणि वर कारण विचारलंस."

घरी येईपर्यंत माझं ठरलं होतं. यंत्र फेकायचं नव्हतं. वैजूताईच्या डोक्यातही परत जायचं नव्हतं, कारण ती धास्ती खोटी नव्हती. मी हर्षदला बोलावलं.

"मला असा फोन हवाय जो कधीच उचलणार नाही," मी म्हणाले.

त्याचं हसू पहिल्यांदाच मावळलं. "मॅडम, उचलत नाही म्हणून लोक फोन बदलतात. न उचलणारा फोन विकत कोण घेतं?"

"मी घेते. एक रिंग वाजली की त्यानं स्वतःच कट करायचं. समोरच्याचा बॅलन्स जाता कामा नये. कुणाचा नंबर होता ते घराच्या नावासह माझ्या लॅपटॉपवर आलं पाहिजे. बोलायचं नाही, कारण विचारायचं नाही, स्वागत करायचं नाही."

"नमस्कारसुद्धा नको?"

"नमस्कारसुद्धा नको."

"आणि दुसरा नंबर पायजे," वैजूताई आतून म्हणाली. ती परातीत कणीक मळत होती. "एकावर वाजलं की नको. दुसऱ्यावर वाजलं की डबल. संकष्टीला, घरी सत्यनारायण असला तर. एकीचं नाव नकोबाई, दुसरीचं हवीबाई. लोकांच्या ध्यानात राहील."

हर्षदनं खाजवून डोकं लाल केलं, पण माणूस हुशार होता. आठवडाभरात त्यानं ते जमवलं. पुड्यांच्या कागदावर आम्ही दोन नंबर छापून घेतले, खाली एकच ओळ: वाजवा, आम्हाला कळेल.

एकच अडचण आली. खासनीस काकूंना मी आनंदानं कळवलं तसं त्यांनी दुसऱ्या दिवसापासून पुन्हा वाजवायला सुरुवात केली, आणि तेही नकोबाईवर. यंत्र इमानदारीनं रोज त्यांची पुडी रद्द करायला लागलं.

"काकू, तुम्हाला हवी असते तर वाजवता कशाला?"

"तुझं यंत्र चालतंय का बघते. ऑपरेटरची सवय."

"एका आजींसाठी नियम बदलायचा?" हर्षद कुरकुरला. पण त्यानं त्यांच्यापुरती वेगळी ओळ करून दिली, यादीच्या अगदी वर. त्यांचा कॉल आला की ती हिरवी व्हायची, बाकी काही नाही. त्या ओळीचा धंद्याला काडीचा उपयोग नव्हता. पण मी काळजी करणारी बाई. रोज पुड्या बांधायला बसताना माझी नजर आधी त्या ओळीवर जायची, झोपलेल्या मुक्ताच्या छातीवर जाते तशी.

श्रावण लागला आणि नकोबाई-हवीबाई गावभर झाल्या. गेलेली घरं परत आली, येताना शेजारची घेऊन आली. एका घरानं तर दाराबाहेरच्या भिंतीवर खडूनं आमचा नंबर लिहून ठेवला. नलवड्यांची सून एके दिवशी स्वतः ओसरीवर आली, "आमचं सुरू करा पुन्हा," म्हणाली आणि जाताना कागदावरची ओळ वाचून थोडी थांबली. पहाटे लॅपटॉपवर ओळी अशा पेटत जायच्या की वैजूताई म्हणायची, "दिपवाळी इकडंच आलीय."

मग तो सोमवार आला. श्रावणी सोमवार, त्यात कुठे कुठे मंगळागौरीचीही आदल्या दिवशीची मागणी. ओसरीवर बेलाचा ढीग, टेम्पो उशिरा आलेला, वैजूताईचे हात यंत्रासारखे चाललेले. मंगलवाद्य वाजून गेलं. बातम्या झाल्या. मी वर बघितलं. काकूंची ओळ पांढरी.

"ताई, काकूंचा फोन नाही आला."

"मग बरंच की. सुधारली."

"रोज येतो."

"आगं डोळा लागला असंल. बेल मोज."

मी दोन पुड्या बांधल्या. दोन्हींत दूर्वा घालायच्या राहिल्या. उठून मी माझ्या फोनवरून काकूंना फोन लावला. वाजला, वाजत राहिला, बंद झाला. पुन्हा लावला नाही. मुक्ता जागी होऊन फुलांत बसली होती. मी तिला उचलून वैजूताईच्या मांडीत ठेवलं.

वैजूताईनं हात थांबवले. मी मुक्ताला आपणहून कधी कुणाच्या मांडीत ठेवलं नव्हतं, तिच्यासुद्धा.

"जा," ती म्हणाली. "बेलाचं मी बघते."

चिमणपुऱ्याच्या चढावर मी पळत होते. बोळाच्या टोकाला कडीला कालची पुडी तशीच होती. काकू काल दारापर्यंत आल्याच नव्हत्या. दार आतून लावलेलं. मी हाका मारल्या, कान लावला. आत रेडिओवर कुणीतरी शेतीबद्दल बोलत होतं. मग मी मागे गेले, अळू तुडवलं, आणि ती खिडकी ढकलली. खिट्टी अजून बसत नव्हती. साडी खोचून मी त्यातून आत शिरले. हे काम मी आजवर फक्त स्वप्नात, तेही मुक्ता कुठेतरी अडकलीय अशा स्वप्नात केलं होतं.

काकू न्हाणीघराच्या दारात पडल्या होत्या. एक पाय वाकडा, अंगावर ओढून घेतलेला टॉवेल, ओठ सुकलेले. डोळे उघडे होते आणि माझ्याकडेच होते.

"खिडकीतून आलीस?" त्या म्हणाल्या. आवाज बारीक पण ड्युटीवरचाच. "अळू तुडवलं असशील."

"तुडवलं."

"असू दे. पाणी दे आधी."

काल सकाळी वाजवून झाल्यावर त्या घसरल्या होत्या. बाहेरच्या खोलीतल्या फोनपर्यंत सरकणं जमलं नव्हतं. मी चमच्यानं पाणी पाजलं, त्यातलं निम्मं टॉवेलवर गेलं.

"काकू, मी हाका मारत होते, तुम्ही ओ का नाही दिलीत?"

"तोंडातून आवाज निघेना. पण त्याआधी फोन वाजलेला ऐकला ना मी. एकदाच लागला आणि पुन्हा नाही लागला. म्हटलं, निघाली ही." त्यांनी माझं मनगट धरलं. "लोक वाजवतात ते उचलावं म्हणून नाही गं. कुणाला तरी कळावं म्हणून."

रिक्षावाले, शेजारचे, दवाखाना, सगळं पुढे झालं. खुब्याचं हाड मोडलं होतं. डॉक्टर म्हणाले, आणखी एक दिवस गेला असता तर बोलायला काही राहिलं नसतं. ऑपरेशननंतर मी शेजारी बसले होते तेव्हा काकूंनी छताकडे बघत मला पद्माबद्दल सांगितलं. पद्मा ओक, एक्स्चेंजमधली त्यांची मैत्रीण, तीही एकटीच. निवृत्तीनंतर दोघी रोज सकाळी एकमेकींना एक रिंग द्यायच्या. उचलायचं नाही. मी उठले, एवढंच.

"पद्मा गेली. नंबर दुसऱ्या कुणाला तरी मिळाला," काकू म्हणाल्या. "पण बोट ऐकेना. तेवढ्यात तुमची पुडी सुरू झाली, तिच्यावर फोन नंबर होता. म्हटलं, इथं वाजवू. कुणाला काही सांगायची गरज नाही."

हर्षदला मी परत बोलावलं. "आलेले फोन दाखवणारी यादी आहे," मी म्हणाले. "आता न आलेल्यांची करून दे."

त्यानं या वेळी लगेच लॅपटॉप उघडला. तिसरा नंबर आला. वैजूताईनं त्याचं नाव ठेवलं उठलेबाई. गावात एकटी राहणारी म्हातारी माणसं सकाळी त्यावर एक रिंग द्यायला लागली, आणि ज्याची ओळ पांढरी राही त्याची पुडी कडीला न अडकवता आम्ही दार वाजवायला लागलो. पुण्याहून, बंगळूरहून, पार अमेरिकेतून मुलांचे फोन यायला लागले, आमच्या आईकडे फुलं सुरू करा म्हणून. त्यातल्या एकाची आई देव मानत नव्हती. तिला आम्ही नुसता मोगरा द्यायचो.

दिवाळीच्या पहिल्या अंघोळीला रणजित आला तेव्हा ओसरीवर पाय ठेवायला जागा नव्हती. झेंडूच्या ढिगामागून मुक्तानं त्याच्याकडे बघितलं आणि विचारलं, "कुणाकडं नको?" तो हसत खाली बसला, पुड्या बांधायला लागला आणि दोरा गुंडाळता गुंडाळता सहज बोलल्यासारखं म्हणाला, "एमआयडीसीत एक तारखेपासून ये म्हणालेत." मी मान वर केली नाही. माझ्या हातात त्या वेळी खासनीस काकूंची पुडी होती, आणि वॉकर घेऊन त्या स्वतः ती न्यायला आल्या होत्या.

"शेवंती आजची आहे का?" त्यांनी विचारलं.

आता पेठांच्या पलीकडेही परडी जाते. फोन कितीतरी बदलले, इंटरनेट भिंतीतून हवेत गेलं, पण आमचे तिन्ही नंबर आजही उचलत नाहीत. काकूंची ओळ अजून यादीत सगळ्यात वर आहे आणि आज सकाळी ती हिरवी झाली.

पण सगळी गावं आमच्या यादीत नाहीत. म्हणून तुम्हाला सांगते. जिना उतरताना, बोळातून जाताना, एखाद्या बंद दाराच्या कडीला कालची पुडी तशीच लटकलेली दिसली, किंवा कालचं वर्तमानपत्र, कालची दुधाची पिशवी, तर घाई असली तरी तसेच पुढे जाऊ नका. तुमच्याही ओळखीचं असं एक दार असेल, आत्ता वाचताना आठवलं ते. आधी तिथे जा. दार वाजवा.